विश्लेषण : जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार! १८८४ मध्ये ही मागणी करणारे नारायण मेघाजी लोखंडे कोण होते?

रविवारची सुट्टी मिळवून देणारे कामगार नेते म्हणून रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अनेकांना माहीत असते. पण सरकारपुढे त्यांनी ठेवलेल्या मागण्यांमध्ये आणखी एक महत्त्वाचे कलम होते. कामावर जखमी झालेल्या गिरणी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, असे ते कलम. आज हाताची बोटे शाबूत असूनही बधिर झालेला एखादा कामगार नसांच्या तपासणीचा कागद घेऊन भरपाईसाठी उभा राहतो, तेव्हा तो याच मागणीच्या रांगेत उभा असतो. लोखंडे कोण होते, त्यांची मागणी कुठवर पोहोचली आणि नसांच्या तपासणीचा तिच्याशी काय संबंध, हे जाणून घेऊ.

लोखंडे यांची सुरुवात कुठून झाली?

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात, फुलमाळी समाजातील एका गरीब कुटुंबात झाला. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर घरची परिस्थिती पाहून त्यांनी नोकरी धरली. आधी रेल्वे, मग टपाल खाते आणि नंतर मांडवी भागातील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर, असा त्यांचा प्रवास झाला.

ही शेवटची नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथील पहिल्या कापड गिरणीसाठी कंपनी उभारली आणि पुढच्या तीन दशकांत मुंबई गिरण्यांचे शहर झाले. पहाट ते संध्याकाळ काम, आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही, पगाराची नक्की तारीख नाही. फिरते पट्टे आणि दातेरी चाके यांच्यामध्ये वावरताना हात सापडला तर पगारही थांबायचा. लोखंडे हे सगळे बाहेरून नव्हे, तर गिरणीच्या आतून पाहत होते.

नोकरी सोडून वर्तमानपत्र का चालवले?

लोखंडे महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक सुरू केले. पैशाअभावी ते अडचणीत आल्यावर १८८० मध्ये लोखंडे यांनी त्याची जबाबदारी घेतली आणि ते मुंबईतून काढायला सुरुवात केली. शेतकरी आणि गिरणी कामगार यांची गाऱ्हाणी त्यांनी छापील पानावर आणली.

त्या काळी कारखान्यांबाबत कायदा नव्हताच असे नाही. १८८१ चा फॅक्टरी कायदा होता. पण त्याचा भर प्रामुख्याने लहान मुलांच्या कामावर आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्यावर होता. प्रौढ कामगाराचे तास, सुट्टी किंवा अपघातानंतरची भरपाई यावर तो गप्प होता.

१८८४ च्या मागणीपत्रात काय होते?

१८८४ मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कायद्याचा फेरविचार करण्यासाठी आयोग नेमला. लोखंडे यांनी संधी ओळखली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा घेऊन त्यांनी निवेदन तयार केले. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. याच सुमारास ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ उभी राहिली. भारतातील कामगार संघटनांची सुरुवात इथून मानली जाते.

निवेदनातील मागण्या पाच होत्या :

• आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी
• दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती
• सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम
• पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत
• कामावर गंभीर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद

पाचवी मागणी किती पुढची होती, हे त्या वर्षाकडे पाहिले की कळते. त्याच १८८४ मध्ये जर्मनीत चान्सलर बिस्मार्क यांच्या सरकारने कामगारांसाठी अपघात विमा कायदा केला. ब्रिटनमध्ये तसा भरपाई कायदा व्हायला १८९७ उजाडले. म्हणजे राज्यकर्त्या देशात जे नव्हते, ते परळच्या सभेतील कामगार मागत होते.

मागण्या मान्य झाल्या का?

लगेच नाही. १८९० मध्ये लोखंडे यांनी पुन्हा उठाव केला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तिथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी आयोगाच्या कामात लोखंडे सहभागी होते आणि १८९१ च्या सुधारित कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

अपघाताच्या भरपाईची मागणी मात्र तशीच राहिली.

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध नाभिकांनी पुकारलेल्या संपामागे ते होते. १८९३ च्या हिंदू-मुस्लीम दंगलीनंतर सलोख्यासाठी ते झटले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांनी रुग्णांसाठी मराठा हॉस्पिटल उभे केले. तिथे सेवा करत असतानाच त्यांना प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पाठोपाठ महिन्याभरात, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले यांचाही याच साथीत मृत्यू झाला.

भरपाईचा कायदा कधी आला?

लोखंडे यांच्या निधनानंतर २६ वर्षांनी कामगार भरपाई कायदा १९२३ संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा आला. तोच आजचा ईएसआय. हे दोन्ही कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावले आहेत.

भरपाईच्या व्यवस्थेत जखमांची एक यादी आहे. कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के घटली, हे त्यात ठरलेले असते. उदाहरणार्थ, अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. तुटलेले बोट डोळ्यांना दिसते, त्यामुळे वाद कमी होतो.

खरी अडचण न दिसणाऱ्या इजेत असते. बोट जागेवर आहे, पण त्यातली संवेदना गेली आहे. मनगट आहे, पण ते उचलता येत नाही. अवयव कायमचा पूर्ण निकामी झाला असेल तर तो गमावल्यासारखाच धरावा, असे या यादीची टीप सांगते. पण निकामी झाला हे सिद्ध कसे करायचे? इथे नसांची तपासणी येते.

नसांची तपासणी नेमकी काय दाखवते?

नसेतून संदेश किती वेगाने जातो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर प्रथम मोजले. तेव्हा लोखंडे दोन वर्षांचे होते. आज तेच तत्त्व एनसीव्ही चाचणीत वापरतात. त्वचेवर छोटे इलेक्ट्रोड लावून नसेला विजेचा सौम्य झटका देतात आणि संदेश किती वेळात, किती जोमाने पोहोचला हे यंत्र नोंदवते. निरोगी प्रौढ माणसाच्या हाताच्या मुख्य नसेत हा वेग सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून अधिक असतो.

वेग घटला तर नसेवरील आवरणाला इजा किंवा दाब असण्याची शक्यता असते. संदेशाची उंची घटली तर नसेचे तंतूच तुटले असावेत, असा अंदाज बांधतात. दुसरी चाचणी ईएमजी. तिच्यात बारीक सुई स्नायूत घालून, त्या स्नायूचा नसेशी संबंध तुटला आहे का, हे पाहतात.

या चाचण्यांच्या काही मर्यादा कामगाराला माहीत असायला हव्यात :

• वेळ महत्त्वाची. नस तुटल्यावरही पुढचा तुकडा काही दिवस विजेला प्रतिसाद देतो. ईएमजीतील बदल दिसायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. घाईने केलेल्या चाचणीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून इजा नाही, असे होत नाही.
• हात गार असेल तर वेग कमी दिसतो. म्हणून तपासणीपूर्वी हात उबदार हवा.
• चाचणी नस बिघडली हे सांगते, कशामुळे बिघडली हे एकटी सांगू शकत नाही. मधुमेहानेही हात बधिर होतात.
• वेदना वाहणाऱ्या अतिसूक्ष्म तंतूंची इजा या चाचणीत दिसत नाही.

म्हणूनच तज्ज्ञाचा सल्ला हवा. न्यूरोलॉजिस्ट किंवा हाताच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ चाचणीचे आकडे, हाताची प्रत्यक्ष तपासणी आणि कामाचे स्वरूप एकत्र पाहून मत देतात. कोणते हत्यार, किती वर्षे, दिवसाला किती तास, ही माहिती डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घेणे म्हणूनच गरजेचे. शिवाय तुटलेली नस जोडल्यावर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटाजवळच्या जखमेनंतर बोटाच्या टोकाची संवेदना परतायला कित्येक महिने लागू शकतात. या महिन्यांत घर कशावर चालणार, हाच तर १८८४ च्या पाचव्या मागणीचा विषय होता.

देवनारमध्ये हा प्रश्न का महत्त्वाचा?

देवनार आणि परिसरात हाताने होणारी कामे मोठ्या प्रमाणावर आहेत. देवनारचे पशुवधगृह १९७१ पासून सुरू आहे. तिथे दिवसभर सुरी चालते आणि एक निसटता वार मनगटाची नस कापू शकतो. १९२७ पासूनच्या डम्पिंग ग्राउंडवर कचरा वेचणाऱ्यांना काचा आणि पत्र्यांशी सामना करावा लागतो. शेजारच्या गोवंडी-शिवाजीनगरमध्ये जरीकाम करणारे कारागीर तासन्‌तास एकाच स्थितीत बसतात. कोपर किंवा मनगट सतत दाबले गेले की तिथली नस आवळली जाते.

यातील ज्याचे नाव ईएसआयमध्ये आहे, त्याला उपचार आणि भत्ता मिळतो. अपंगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याच्या बाबतीतही, काम मूळ मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असेल तर भरपाईसाठी त्याला जबाबदार धरता येते. पण रोज कचरा वेचून विकणाऱ्याला किंवा नगावर मजुरी घेणाऱ्याला मालक कोण, हेच दाखवता येत नाही. त्याच्याकडे तपासणीचा पक्का कागद असला तरी तो कोणापुढे ठेवायचा, हा प्रश्न उरतो.

मग लोखंडे यांची मागणी पूर्ण झाली का?

आकडे पाहू. ईएसआयमध्ये तात्पुरत्या अपंगत्वासाठी सरासरी वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. ईएसआयबाहेरील कामगाराला भरपाईच्या तरतुदीनुसार दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार. असंघटित कामगाराच्या हाती बहुतेक वेळा काहीच नाही. लोखंडे यांनी मागितला होता पूर्ण पगार.

भारत सरकारने २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुंबईत राज्य सरकारची कामगार अभ्यासाची संस्था त्यांच्या नावाने चालते. त्यांच्या पाच मागण्यांपैकी सुट्टी, विश्रांती, कामाचे तास आणि पगाराची मुदत या चार गोष्टी आज कायद्यात आहेत. पाचवी अजून अर्धीच मिळाली आहे आणि तीही ज्याच्याकडे नोकरीचा पुरावा आहे त्यालाच. नसांची तपासणी इजेचा पुरावा देऊ शकते. नोकरीचा पुरावा, म्हणजे हजेरी, पगाराची नोंद, अपघाताची लेखी खबर, तेवढ्याच काळजीने जपावा लागतो.