दारूचं दुकान कुठं असावं हे कोण ठरवणार? महात्मा फुल्यांनी हा विषय १८८० मध्येच काढला होता

३१ डिसेंबर जवळ आला की एक बातमी हमखास फिरते. बार पहाटे ५ पर्यंत सुरू राहणार, वाइन शॉपही उशिरापर्यंत उघडी. मुंबई असो नाहीतर मंचर-नारायणगाव, ग्रुपवर मेसेज येतो, मीम येतात आणि खाली ठरलेलं भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो सरकारला महसूल मिळतो, दुसरा म्हणतो घरं बुडतात.

या भांडणात एक गोष्ट मागेच राहते. परवाना देतं कोण, त्यातून कमावतं कोण आणि भोगतं कोण?

हा हिशोब पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी मांडणारा माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले. त्यांची मुलींची शाळा आपल्याला माहितीय, अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद माहितीय. पण दारूच्या दुकानांवरून ते नगरपालिकेत उभे राहिले होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी माणूस समजून घेऊ

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणं मूळचं गोऱ्हे, फुलांच्या व्यवसायामुळे फुले हे नाव पडलं. १८४८ मध्ये त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला.

पण ते फक्त समाजसुधारक नव्हते, व्यावसायिकही होते. बांधकामाची कंत्राटं ते घेत, खडकवासला धरणाच्या कामातही ते होते. त्यामुळे मजुराच्या हातात आठवड्याला किती पैसे पडतात आणि ते घरी पोचेपर्यंत कुठं कुठं गळतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

१८७६ मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. सरकारनं नेमलेले सभासद. म्हणजे सरकारच्या मर्जीतले, मान डोलावणारे असावेत अशीच अपेक्षा.

अबकारीचं गणित

त्याच काळात, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. दारू गाळायची, विकायची तर सरकारचा परवाना हवा. परवान्याशिवाय गाळली तर गुन्हा. कागदावर हे नियंत्रण होतं. पण या व्यवस्थेतून तिजोरीत पैसाही येत होता. म्हणजे दारूवर लक्ष ठेवणारं सरकारच दारूच्या विक्रीवर कमावत होतं.

पुण्यात भर वस्तीत दारूची दुकानं दिसू लागली, तेव्हा जोतीराव गप्प बसले नाहीत. १८ जुलै १८८० रोजी त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापकीय समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिलं. या दुकानांमुळे कुटुंबं उद्ध्वस्त होतायत, शहराच्या आरोग्याची जबाबदारी नगरपालिकेवर आहे, तर तिनं याकडे काणाडोळा करू नये, असा त्यांचा रोख होता.

इथं एक बारकावा आहे. त्यांनी पिणाऱ्याला नुसते उपदेशाचे डोस पाजले नाहीत. त्यांनी बोट ठेवलं ते दुकानावर आणि प्रशासनावर. परवाने सरकारच्या हातात, पण परिणाम शहराच्या पदरात. ज्यांच्या दारात दुकान उघडतं त्यांचं म्हणणं ऐकणारं कुणीतरी हवं, हा त्या पत्राचा खरा अर्थ.

त्याच काळात लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा घाट घातला गेला. जोतीरावांनी विरोध केला आणि हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चा असं सुचवलं. सरकारी सभासदानं व्हाइसरॉयच्या स्वागताला नकार देणं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

आणि मग जुन्नर

शहरात जे दारूचं, तेच गावात कर्जाचं. जुन्नर तालुका सत्यशोधक समाजाचा बालेकिल्ला झाला. ओतूरचे भाऊ कोंडाजी डुंबरे पाटील यांच्यासारखी माणसं पुढं आली. भटजीशिवाय लग्नं लागली, त्यावरून ओतूरचं प्रकरण कोर्टात गेलं. पुढं जुन्नरच्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायलाच नकार दिला.

दारू आणि हे सगळं, संबंध काय? संबंध घरातल्या पैशाचा. लग्नाचा खर्च, सावकाराचं व्याज आणि गुत्त्यावरची उधारी, तिन्ही वाटांनी कष्टाचा पैसा बाहेरच जातो. १८८३ च्या शेतकऱ्याचा असूड या पुस्तकात जोतीरावांनी शेतकऱ्याच्या लुटीचाच पंचनामा केला. सावित्रीबाईंच्या नावे छापलेल्या भाषणांतही व्यसनं आणि कर्ज हे दोन विषय आहेत.

१८८८ मध्ये मुंबईत लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघात झाला, उजवा हात गेला, तर डाव्या हातानं लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

मग पुढं काय झालं?

१९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकारानं पुण्यात दारूच्या दुकानांवर पिकेटिंग झालं. १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढं बंदी सैल होत गेली, परवाने राहिले. अबकारी खात्याचं नाव आता राज्य उत्पादन शुल्क विभाग आहे आणि दारू आजही महसुलाचं मोठं साधन आहे.

एक गोष्ट मात्र बदलली. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला दुकान बंद करण्यासाठी मतदान मागू शकतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. ज्यांच्या दारात दुकान, त्यांचा शब्द. १८८० च्या पत्रातली कळकळ शेवटी कायद्यात उतरली.

पण आडव्या बाटलीनं दुकान बंद करता येतं, त्याची वेळ ठरवता येत नाही. ते दुकान रात्री किती वाजेपर्यंत उघडं राहणार, हे आजही सरकार ठरवतं, आणि त्यातून महसूलही सरकारलाच मिळतो. त्यामुळे पहाटे ५ ची बातमी पुन्हा फिरेल, तेव्हा पिणारा चांगला की वाईट यावर भांडण्याआधी एवढंच बघा, की ही वेळ ठरवताना त्या दुकानाशेजारी राहणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं का?