सिंगल फेज, थ्री फेज आणि निकोला टेस्ला

निकोला टेस्ला हे नाव आजच्या मुलांना एका मोटारगाडीमुळे ठाऊक आहे. ज्यांच्या नावावरून त्या गाडीचे नाव ठेवले, ते गृहस्थ १९४३ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत एकटेच वारले. बालानगर, सनतनगर, जिडीमेटला इथल्या कारखान्यांत रोज फिरणाऱ्या मोटरचे मूळ मात्र त्यांच्याकडे जाते. आपल्यापैकी ज्यांच्या घरात कोणी लेथ किंवा ग्राइंडर घेऊन छोटे वर्कशॉप टाकले आहे, त्यांना तर टेस्ला यांचे आयुष्य जवळचे वाटावे. मोटर आहे पण तिला हवी तशी वीज दारात नाही, ही अडचण सर्वांत आधी टेस्ला यांनाच आली होती.

बँकेच्या कर्ज विभागात असताना आम्ही असे अर्ज पुष्कळ पाहिले. लेथचे कोटेशन असे, जागेचा भाडेकरार असे, जामीनदारही असे. वर्कशॉप मात्र राहत्या घराच्या तळमजल्यावर, आणि तिथे मीटर सिंगल फेजचा. यंत्राची मोटर थ्री फेजची. यंत्र यायचे, हप्ते सुरू व्हायचे आणि थ्री फेज जोडणी येईपर्यंत लेथवर ताडपत्री पडलेली असायची. कर्जदाराच्या कामात किंवा नीयतीत काही खोट नसे, तरीही खाते थकीत होई. म्हणून या विषयाकडे आम्ही कुतूहलाने पाहू लागलो आणि त्यातूनच टेस्ला यांचे चरित्र हाती आले.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिलियान या खेड्यात झाला. ते खेडे आज क्रोएशियात आहे, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. वडील सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मोपदेशक. आई शाळेत गेलेली नव्हती, पण घरकामाची लहानसहान हत्यारे स्वतः बनवायची आणि तिची स्मरणशक्ती विलक्षण होती. आपली कल्पकता आईकडून आली, असे टेस्ला मानत.

१८७५ साली ते ग्राझच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. तिथे प्राध्यापकांनी डीसी विजेवर चालणारे एक यंत्र दाखवले. त्याच्या ब्रशपाशी सारख्या ठिणग्या उडत होत्या. हे ब्रश काढून टाकता येणार नाहीत का, असे या विद्यार्थ्याने विचारले. ते अशक्य आहे, हे प्राध्यापकांनी भर वर्गात सविस्तर समजावून सांगितले. प्रश्न मात्र विद्यार्थ्याच्या डोक्यातून गेला नाही. पुढे शिक्षण अर्धवट सुटले, काही काळ जुगाराचा नाद लागला, वडील गेले. १८८२ च्या फेब्रुवारीत बुडापेस्टच्या एका बागेत मित्राबरोबर फिरत असताना त्यांना उत्तर सुचले आणि तिथेच त्यांनी काठीने मातीत आकृती काढली.

ते उत्तर समजायला आपल्या घरातले पायाने चालवायचे शिवणयंत्र पुरेसे आहे. पाय फक्त वर-खाली होतो, पण चाक गोल फिरते. चाक नेमक्या अडनिड्या जागी थांबले असेल, तर कितीही पाय मारा, ते हलत नाही. मग आपण हाताने चाकाला थोडी गती देतो आणि यंत्र चालू होते. हात उलटा पडला तर चाक उलटे फिरते आणि दोरा तुटतो. सिंगल फेज वीज ही त्या पायासारखी आहे. तिचे चुंबकीय बल पुढे-मागे होते, गोल फिरत नाही. टेस्ला यांची कल्पना अशी की एकाऐवजी दोन किंवा तीन प्रवाह घ्यावेत आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा उशिरा यावा. मग चुंबकीय बलच गोल फिरू लागते आणि मधला लोखंडी रोटर त्याच्यामागे ओढला जातो. ब्रश नकोत, ठिणग्या नकोत, हाताने धक्काही नको.

१८८४ साली टेस्ला अमेरिकेत उतरले. एडिसन यांच्याकडे काही महिने नोकरी केली, ती सोडली. भागीदारांबरोबर कंपनी काढली, तिच्यातून त्यांनाच बाहेर पडावे लागले. १८८६-८७ मध्ये तर या इंजिनिअरने न्यूयॉर्कमध्ये खड्डे खणण्याची मजुरी केली. नंतर दोन भांडवलदार भेटले, प्रयोगशाळा मिळाली आणि १ मे १८८८ रोजी त्यांच्या मोटरची मुख्य पेटंटे मंजूर झाली. त्याच वर्षी इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनी हेच तत्त्व स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले होते. टेस्ला यांची सुरुवातीची यंत्रे बहुतेक दोन फेजची होती. तीन फेजची पद्धत जर्मनीत काम करणाऱ्या डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी रूढ केली. श्रेय वाटून द्यायचे तर असे द्यावे लागेल.

जुलै १८८८ मध्ये पिट्सबर्गचे उद्योगपती जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी पेटंटांचे हक्क घेतले. रोख रक्कम, शेअर आणि दर अश्वशक्तीमागे अडीच डॉलर रॉयल्टी असा करार झाला. टेस्ला पिट्सबर्गला गेले आणि तिथे मोठी अडचण उभी राहिली. वेस्टिंगहाउस यांची वीजकेंद्रे दिव्यांसाठी बांधलेली होती. ती सिंगल फेज वीज देत, तीही सेकंदाला १३३ आवर्तनांची. टेस्ला यांच्या मोटरला एकाहून अधिक फेज आणि कमी आवर्तने हवी होती. म्हणजे मोटर उत्तम होती, पण ती जोडावी अशी तार गावात नव्हती.

यावर दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे आहे त्याच विजेतून दुसरा फेज तयार करणे. टेस्ला यांनी तेही करून पाहिले. एकाच लाइनचे दोन रस्ते करायचे आणि एका रस्त्यावरचा प्रवाह मुद्दाम मागे रेंगाळेल अशी योजना करायची. अशा युक्त्यांची त्यांची पेटंटे आहेत. मोटर फिरते, पण तिची ताकद आणि सुरुवातीचा जोर कमी पडतो. दुसरी वाट म्हणजे वीजपुरवठाच बदलणे. ती खर्चाची आणि लांबची होती. टेस्ला सुमारे वर्षभर पिट्सबर्गला राहून न्यूयॉर्कला परतले. पुढे वेस्टिंगहाउसच्या इंजिनिअरांनी ६० आवर्तने आणि अनेक फेज असा नवा पुरवठा स्वीकारला, तेव्हा कुठे मोटरचे दिवस आले.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनात हजारो दिवे वेस्टिंगहाउसच्या एसी विजेवर उजळले. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्वामी विवेकानंदांचे आपल्या सिकंदराबादला मेहबूब कॉलेजात व्याख्यान झाले होते आणि सप्टेंबरमध्ये ते शिकागोच्या धर्मपरिषदेत बोलले. १८९६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांची आणि टेस्ला यांची भेट झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नायगाराच्या धबधब्याची वीज बफेलो शहरात पोहोचली. आपल्याकडे शिवनसमुद्रची वीज १९०२ साली कोलारच्या खाणींना आणि खोपोलीची १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना मिळाली.

आता बँकेतल्या माणसाच्या नजरेने पुढचा भाग. १८९५ च्या मार्चमध्ये टेस्ला यांची प्रयोगशाळा जळाली. तिचा विमा नव्हता. वेस्टिंगहाउस कंपनी कर्जात बुडू लागली, तेव्हा त्यांनी रॉयल्टीचा आग्रह सोडला आणि पुढे सुमारे २ लाख १६ हजार डॉलर एकरकमी घेऊन हिशोब मिटवला. १९०१ मध्ये बिनतारी संदेशासाठी, आणि पुढे बिनतारी विजेसाठी, त्यांनी लाँग आयलंडवर मोठा मनोरा बांधायला घेतला. जे. पी. मॉर्गन यांनी दीड लाख डॉलर दिले. योजना वाढत गेली, पैसा वाढला नाही. हॉटेलचे बिल थकले, त्यापोटी ती जागा हॉटेलमालकांकडे गेली आणि १९१७ साली मनोरा पाडला गेला. विजेच्या पुरवठ्याचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाने पैशाच्या पुरवठ्याचा तसा विचार केला नाही, हे वाचताना आम्हाला वाईट वाटले. त्याच १९१७ मध्ये अमेरिकन वीज अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना पदक दिले. ते एडिसन यांच्या नावाचे होते.

टेस्ला यांच्या दोन्ही वाटा आजही चालू आहेत. सिकंदराबाद स्टेशनवर विजेचे इंजिन उभे असते, त्याला वरच्या तारेतून सिंगल फेज २५,००० व्होल्ट मिळतात. जुन्या इंजिनांत पंखे आणि कॉम्प्रेसर मात्र थ्री फेजवर चालतात. त्यासाठी इंजिनात आर्नो नावाचे फिरते यंत्र असते, ते एका फेजचे तीन करते. नव्या इंजिनांत हेच काम इलेक्ट्रॉनिक साधने करतात.

घरच्या वर्कशॉपमध्येही हेच मार्ग आहेत. पहिला, मोटरच्या तिसऱ्या टर्मिनलला कंडेन्सर जोडणे. खर्च कमी, पण मोटर साधारण दोन-तृतीयांश ताकदच देते आणि जास्त भार टाकला की वाइंडिंग जळते. दुसरा, एक मोठी थ्री फेज मोटर नुसती फिरत ठेवून तिच्याकडून तिसरा फेज घेणे, म्हणजे आर्नोचीच लहान आवृत्ती. तिसरा, सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह बसवणे. यात वेगही कमी-जास्त करता येतो. मात्र ड्राइव्हमधून बहुधा २३० व्होल्टच निघतात. म्हणून नेमप्लेटवर २३०/४१५ लिहिलेली आणि डेल्टात जोडता येणारी मोटर हवी. चौथा मार्ग म्हणजे लहान यंत्राला सरळ सिंगल फेज मोटर बसवणे.

कोणताही मार्ग घ्या, विजेची एकूण मागणी कमी होत नाही. ती एका फेजवर येते. तीन अश्वशक्तीची मोटर सिंगल फेजवर पंधरा-वीस अँपिअर ओढू शकते. घराचा मंजूर भार, सर्व्हिस वायर आणि अर्थिंग हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्यावे. एक-दोन लहान यंत्रे असतील तर ड्राइव्ह पुरतो. काम वाढणार असेल, तर थ्री फेज जोडणीचा अर्ज यंत्राच्या ऑर्डरच्या आधी करावा आणि तिचा खर्च व वेळ कर्जाच्या प्रस्तावातच धरावा. हप्त्यांची सुरुवात जोडणी मिळाल्यानंतर ठेवता येईल का, हेही बँकेला विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

टेस्ला ७ जानेवारी १९४३ रोजी गेले. त्यांच्या अस्थी बेलग्रेडच्या संग्रहालयात आहेत. १९६० पासून चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक त्यांच्या नावाने ओळखले जाते. एमआरआयच्या यंत्रावर दीड टेस्ला, तीन टेस्ला असे लिहिलेले असते ते हेच. मंडळातल्या ज्या सभासदांनी सिंगल फेजवर यंत्रे चालवली आहेत, त्यांनी आपला अनुभव मंडळाकडे जरूर लिहून पाठवावा. नव्याने वर्कशॉप टाकणाऱ्या आपल्या मुलांना त्याचा उपयोग होईल.