लेहच्या आकाशाची वाट उघडणारे ‘बाबा’

मेहेरबाबा हे नाव उच्चारले की महाराष्ट्रात अहिल्यानगरजवळच्या अरणगावची समाधी डोळ्यांपुढे येते. भारतीय हवाई दलात मात्र ‘मेहर बाबा’ म्हणजे एअर कमोडोर मेहर सिंग. सहकाऱ्यांनी प्रेमाने ‘बाबा’ म्हटलेल्या या वैमानिकाला जेमतेम सदतीस वर्षांचे आयुष्य लाभले. पण पूंछ आणि लेह ही दोन गावे भारताच्या नकाशावर राहिली, त्यात या अल्पायुषी माणसाचा वाटा फार मोठा आहे. जिथे विमानतळ नव्हता, तिथे विमान उतरवून त्यांनी तो निर्माण केला.

मेहर सिंग यांचा जन्म १९१५ चा, त्या वेळच्या लायलपूरचा. आज ते पाकिस्तानातील फैसलाबाद म्हणून ओळखले जाते. १९३४ मध्ये इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या हवाई महाविद्यालयात त्यांची निवड झाली आणि १९३६ मध्ये ते अधिकारी झाले. भारतीय हवाई दल तेव्हा अवघे चार वर्षांचे होते आणि त्याच्यापाशी एकच स्क्वाड्रन होते. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांविरुद्धच्या मोहिमांत हे स्क्वाड्रन जुनाट ‘वापिटी’ विमाने उडवीत असे. अशाच एका उड्डाणात मेहर सिंग यांचे विमान शत्रूच्या गोळीबाराने दरीत कोसळले. अंधाराचा आडोसा घेत, टोळीवाल्यांना चुकवीत ते आपल्या तोफचालकासह स्वपक्षाच्या ठाण्यावर परतले आणि पुन्हा उड्डाणाच्या कामाला लागले.

डिसेंबर १९४२ मध्ये त्रिचनापल्ली येथे ६ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले. त्याचे नेतृत्व मेहर सिंग यांच्याकडे आले. आराकानच्या आघाडीवर या स्क्वाड्रनच्या ‘हरिकेन’ विमानांनी जपानी फौजांची टेहळणी केली. विमाने जोडीने जात. एक वैमानिक खाली जंगलात पाही, दुसरा आकाशावर नजर ठेवी. जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्याला शत्रूचा ठावठिकाणा या छायाचित्रांतून कळत असे. या कामगिरीबद्दल १९४४ मध्ये मेहर सिंग यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळविणारे ते भारतीय हवाई दलाचे एकमेव अधिकारी ठरले.

त्यांची खरी कसोटी मात्र स्वातंत्र्यानंतर लागली. ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाल्यांनी काश्मीरवर आक्रमण केले. २७ ऑक्टोबरला शीख रेजिमेंटची पहिली तुकडी डाकोटा विमानांतून श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली. ती धावपट्टी शत्रूच्या हाती गेली असती, तर काश्मीर खोऱ्याची लढाई सुरू होण्याआधीच संपली असती. पर्वतांच्या प्रदेशात ज्याच्या हाती विमानतळ, त्याच्याच हाती भूमी राहते, हा धडा त्या आठवड्याने दिला. जम्मू-काश्मीरमधील हवाई मोहिमेची सूत्रे मेहर सिंग यांच्याकडे आली, तेव्हा हा धडा त्यांनी नेमका ओळखला.

पूंछ शहराला शत्रूचा वेढा पडला होता. आत सैन्याची तुकडी आणि सुमारे ४० हजार निर्वासित अडकले होते. रस्ते बंद, अन्न संपत आलेले. लेफ्टनंट कर्नल प्रीतम सिंग यांच्या नेतृत्वाखाली सैनिकांनी आणि निर्वासितांनी राबून सुमारे ६०० यार्डांची कच्ची धावपट्टी तयार केली. चहूकडे डोंगर, पट्टीच्या तीन बाजूंना ओढे आणि डोंगरांवर शत्रूच्या तोफा. भरलेल्या डाकोटासाठी ही जागा फारच अपुरी होती. डिसेंबर १९४७ मध्ये मेहर सिंग यांनी तेथे पहिले विमान स्वतः उतरविले. सोबत हवाई दलाचे भावी प्रमुख सुब्रतो मुखर्जी होते. त्यानंतर विमानांची रीघ लागली. येताना धान्य, दारूगोळा आणि तोफा, जाताना जखमी आणि निर्वासित. नियमाने एक टन भार योग्य मानला जाई, तिथे ते तीन टन घेऊन उतरत. शत्रूचा मारा वाढला, तेव्हा तेलाच्या दिव्यांच्या उजेडात रात्री विमाने उतरू लागली. वर्षभराचा वेढा पूंछने सोसला, तो या धावपट्टीच्या बळावर. नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय सेना जमिनीच्या मार्गाने तेथे पोहोचली.

त्याच काळात लडाखवरचे संकट गडद होत होते. १९४८ च्या मे महिन्यात कारगिल शत्रूच्या ताब्यात गेले आणि श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता तुटला. लेहचे रक्षण मेजर पृथी चंद यांची छोटी तुकडी करीत होती. अभियंता सोनम नोरबू यांनी स्थानिक लडाखी लोकांना हाताशी धरून सिंधू नदीच्या खोऱ्यात धावपट्टी आखली होती. ती सुमारे ११ हजार फुटांवर होती. तिथवर जायचे तर २० हजार फुटांहून उंच शिखरांच्या रांगा ओलांडाव्या लागत. डाकोटामध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, बर्फापासून बचावाची साधने नव्हती आणि या हवाई मार्गाची माहितीही कोणापाशी नव्हती. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते. उतरलेले विमान पुन्हा उडेल काय, हाही प्रश्नच होता.

२४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी हा प्रश्न स्वतःपुरता सोडविला. शेजारी मेजर जनरल थिमय्या यांना घेऊन ते झोजीला ओलांडून गेले आणि लेहच्या वाळूवर डाकोटा उतरविले. आपल्या वैमानिकांना जिवावरच्या कामावर पाठविण्याआधी ते काम स्वतः करून दाखवायचे, ही त्यांची रीत होती. जूनच्या आरंभी गुरखा सैनिक विमानाने लेहला पोहोचले आणि शहर वाचले. याच सुमारास स्कार्दूची तुकडीही वेढ्यात झुंजत होती. तिथे विमान उतरविण्याची सोय नव्हती आणि लढाऊ विमानांतून टाकलेली रसद पुरी पडेना. सहा महिन्यांच्या झुंजीनंतर ऑगस्टमध्ये स्कार्दू पडले. धावपट्टी असणे आणि नसणे यांतील अंतर किती, याचे याहून कठोर उदाहरण सापडणार नाही.

मेहर सिंग यांना महावीरचक्र मिळाले. पण युद्ध संपण्याआधीच, वरिष्ठांशी झालेल्या मतभेदांतून त्यांनी हवाई दल सोडले होते. तेव्हा त्यांचे वय ३३ होते. पुढे ते पतियाळाच्या महाराजांचे सल्लागार झाले. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीकडे येताना त्यांचे छोटे विमान वादळात सापडून कोसळले. हिमालयाच्या भिंती ओलांडणारा वैमानिक मैदानावरच्या वादळात गेला. ज्या दलाला अशा माणसाची सर्वाधिक गरज होती, त्या दलाला तो अवघी बारा वर्षे मिळाला, ही हुरहुर आजही लागून राहते.

लेहची ती वाळूची पट्टी आज हवाई दलाचा महत्त्वाचा तळ आहे. १९६२ चे युद्ध, १९८४ पासूनचे सियाचिन, १९९९ चे कारगिल आणि २०२० मधील पूर्व लडाखचा तणाव, या प्रत्येक वेळी सैनिक आणि रसद याच वाटेने गेली. हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद होतात, तेव्हा तर हाच आधार उरतो. २०१८ मध्ये हवाई दलाने थव्याने उडणाऱ्या ड्रोनच्या स्पर्धेला ‘मेहर बाबा’ हे नाव दिले. वैमानिकाविना उडणाऱ्या यंत्रांना सर्वांत आधी स्वतः उडणाऱ्या माणसाचे नाव मिळाले. योग यात विलक्षण आहे. पण वाट नसलेल्या आकाशात पहिली वाट काढणे हेच दोघांचेही काम आहे.