ओव्हिलेर मठाचे कारभारी

शॅम्पेन या फेसाळ द्राक्षमद्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते दोम पिएर पेरिन्यों बेनेडिक्टाइन संघाचे मठवासी होते. त्यांचा जन्म १६३८ मध्ये फ्रान्सच्या शाम्पान्य प्रांतातील सांत-मनू या गावी झाला. राजा चौदावा लुई त्याच वर्षी जन्मला आणि १७१५ च्या सप्टेंबरात दोघांनीही इहलोकीची यात्रा संपवली.

तरुणपणीच त्यांनी वेर्दाँ येथील मठात व्रत घेतले. १६६८ मध्ये ते मार्न नदीच्या खोऱ्यातील ओव्हिलेर मठाचे कारभारी झाले. युद्धांच्या धामधुमीत मठाची रया गेली होती. धान्य, जमाखर्च, द्राक्षमळे, तळघर असा सारा भार त्यांच्यावर आला.

वेलींची छाटणी ते कठोरपणे करवीत. वेल तीन फुटांहून उंच वाढू द्यायची नाही. घड तोडायचे ते सकाळच्या गारव्यात, आणि फुटका मणी बाजूला काढायचा. घोडा बुजतो, करंड्या हिंदकळतात, म्हणून वाहतुकीला खेचरे व गाढवे बरी. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो. हलक्या हाताने, झटपट पिळल्यास रस जवळजवळ रंगहीन निघतो. निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचा मेळ पिळण्यापूर्वीच जमवणे, हे त्यांचे खरे कसब. त्यांचे म्हणून ओळखले जाणारे हे नियम गोदिनो नावाच्या धर्मगुरूंनी १७१८ मध्ये प्रसिद्ध केले.

आणि ते बुडबुडे? ते तर त्यांना नकोच होते! हिवाळ्यात थांबलेले आंबणे वसंतातील उबेने पुन्हा सुरू होई, वायू कोंडे आणि बाटल्या फुटत. साखर घालून द्राक्षारस फेसाळ करण्याची रीत तर इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर मेरेट यांनी १६६२ मध्येच नोंदवली होती. शोधाची दंतकथा पसरली ती ओव्हिलेरचेच माजी मठवासी दोम ग्रोसार यांच्या १८२१ च्या पत्रामुळे. पेरिन्यों अंध होते, हीही तशीच वदंता. पुढे जाहिरातदारांनी त्यात आपली भर घातली. आपल्या मठाच्या अभिमानापोटी ग्रोसार यांनी हे लिहिले असावे. पण त्यामुळे एका कष्टाळू माणसाचे खरे काम झाकले गेले, याचे वाईट वाटते.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडला, चर्च मात्र राहिले. तेथील फरशीत पेरिन्यों यांच्या थडग्याची काळी शिळा आहे. तिच्यावरील लॅटिन लेखात ४७ वर्षांच्या चोख कारभाराचा आणि गोरगरिबांवरील पितृवत प्रेमाचा उल्लेख आहे. फेसाळ मद्याचे त्यात नावही नाही.