डॉ. कमला सोहोनी

इंदूर येथे १९११ साली भागवत घराण्यात कमलाबाईंचा जन्म झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. होताच त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. गुण कमी नव्हते. अर्जदार मुलगी होती, एवढेच.

कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि प्रवेशावाचून हलेनात. अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे, सांगितल्यास रात्रीही काम करावयाचे, आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यावयाचे नाही! हा अपमान त्या विसरल्या नाहीत. तरीही श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध व डाळींतील प्रथिनांवर त्यांनी असे काम केले की, वर्षअखेर त्यांना मान्यता मिळाली व संस्थेचे दार इतर मुलींसही उघडले.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल यांच्याजवळ बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनास आवश्यक द्रव्य असते, हे त्यांनी दाखविले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा. १९३९ साली त्या डॉक्टर झाल्या.

याच हिल यांनी पानातून वेगळी काढलेली हरितलवके उजेडात प्राणवायू सोडतात, हे त्या सुमारास सिद्ध केले. पानातील पुढचे काम, म्हणजे हवेतील कार्बन बांधणे, रुबिस्को हे विकर करते. ते फार मंद. शिवाय पुष्कळदा चुकून प्राणवायूच पकडते. नीलहरित जीवाणू ते प्रथिनांच्या बंद कवचात ठेवतात, कणगीत धान्य ठेवावे तसे, आणि आत कार्बन डायऑक्साइड दाटवितात. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या हरितलवकांत अशी साधी कणगी उभारली. मात्र त्या रोपांना कार्बन डायऑक्साइड अधिकच पुरवावा लागला.

कमलाबाई १९३९ साली मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून, १९४७ साली विवाहानंतर, त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे त्यांनी गरिबांच्या अन्नाचाच ध्यास घेतला. कडधान्यांतील, प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारी द्रव्ये त्यांनी तपासली. तुरीच्या आपल्या मुलखाला हा विषय परका वाटू नये. नीरेवरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपतिपदक मिळाले. संस्थेचे संचालकपद मात्र फार उशिरा. १९९८ साली दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.