लाँगफेलो सर आणि स्पॅनिशचा वर्ग

हेन्री वड्सवर्थ लाँगफेलो म्हटलं की आपल्याला इंग्रजीच्या पुस्तकातली 'अ साम ऑफ लाइफ' ही कविता आठवते. पण हे कवी पंचवीसेक वर्षे भाषेचे मास्तर होते आणि त्यांच्या विषयांत स्पॅनिशही होती, हे फारसे कुणी सांगत नाही. परकी भाषा नको नको म्हणणाऱ्या मुलांपुढे रोज उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही बाजू जास्त जवळची वाटेल.

त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८०७ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे झाला. वडील वकील. मुलानेही वकील व्हावे अशी त्यांची इच्छा, मुलाला मात्र साहित्याचे वेड. १८२५ मध्ये बोडन कॉलेजातून पदवी मिळाली आणि तिथेच आधुनिक भाषांचे अध्यापक होण्याची संधी आली. अट एकच, आधी युरोपात जाऊन त्या भाषा शिकून यायच्या! वडिलांनी बजावले की दक्षिण अमेरिकेशी संबंध वाढताहेत, तेव्हा स्पॅनिश फ्रेंचइतकीच महत्त्वाची आहे. पालकांचा असा आग्रह आपल्या ओळखीचाच आहे म्हणा.

१८२७ मध्ये ते स्पेनमध्ये सुमारे आठ महिने राहिले. माद्रिदला एका स्पॅनिश कुटुंबात मुक्काम केला आणि घरच्या मंडळींशी बोलत बोलत भाषा उचलली. उन्हाळ्यात जवळच्या खेड्यातही राहून आले. कोलंबसाचे चरित्र लिहिण्यात गढलेले वॉशिंग्टन अर्व्हिंग त्यांना माद्रिदमध्येच भेटले.

१८२९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते बोडनला शिकवू लागले. तेव्हा कॉलेजात मान लॅटिन-ग्रीकला, आणि नव्या भाषांसाठी धड पुस्तकेही नव्हती. मग त्यांनी स्वतःच पुस्तके तयार केली. फ्रेंचसाठी बोलीभाषेतल्या छोट्या नाटुकल्या निवडल्या. स्पॅनिशसाठी १८३० मध्ये दोन कथांचे एक छोटे पुस्तक काढले. त्यातली एक कथा ग्रॅनाडाजवळच्या डोंगराळ भागात घडते, पण मुळात ती अर्व्हिंग यांच्या रिप व्हॅन विंकलचे स्पॅनिश रूपांतर! डोंगरात झोपी जाऊन वर्षांनी उठणाऱ्या माणसाची ही गोष्ट अमेरिकेत आधीच गाजलेली होती. म्हणजे पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असेल, तर शब्द अडला तरी तो अर्थाचा अंदाज बांधू शकतो. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात आपल्याला उचलता येण्यासारखी गोष्ट हीच. नवखी भाषा आणि नवखी गोष्ट, दोन्ही ओझी एकदम कशाला द्यायची?

१८३३ मध्ये त्यांनी होर्खे मान्रिके या जुन्या कवीच्या, वडिलांच्या मृत्यूवरील काव्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. शिकवणारा स्वतः त्या भाषेत रमलेला होता.

१८३५ मध्ये दुसऱ्या युरोप प्रवासात त्यांची पत्नी मेरी रॉटरडॅमला वारली. पुढच्या वर्षअखेरीस ते हार्वर्डला रुजू झाले. तिथे त्यांच्या आधीचे प्राध्यापक जॉर्ज टिकनर यांनी मुलांना इयत्तेऐवजी भाषेच्या तयारीनुसार गटांत बसवण्याची पद्धत पाडली होती. लाँगफेलोंच्या हाताखाली आपापली मातृभाषा शिकवणारे चार शिक्षक होते. विद्यार्थ्यांना नुसत्या आडनावाने हाक मारण्याच्या त्या काळात हे सर प्रत्येकाला 'मिस्टर' म्हणत, आपल्याकडे अहो-जाहो करावं तसं. एकदा कॉलेजात मुलांनी मोठा गोंधळ घातला. कुणाचंच ऐकेनात, पण लाँगफेलो बोलायला उभे राहिले तेव्हा गप्प झाले. हे सर आपल्याला सभ्य माणसांसारखं वागवतात, म्हणून यांचं ऐकायचं, असं मुलांनीच ठरवलं.

मात्र सगळं गोड नव्हतं बरं का! फ्रेंचचा शिक्षक सोडून गेल्यावर प्राथमिक वर्ग त्यांच्याच गळ्यात पडले. तेच तेच धडे घेऊन लिहिण्याची ताकद उरत नाही, ही तक्रार त्यांच्या रोजनिशीत पुन्हा पुन्हा येते. १८५४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्या जागी जेम्स रसेल लॉवेल आले. लाँगफेलो पुढे कवी म्हणूनच जगले आणि २४ मार्च १८८२ रोजी केंब्रिजच्या आपल्या घरी वारले.