‘व्यापार’च्या डावात भाडं सगळ्यांनी वसूल केलं, पण खेळ काढणाऱ्या बाईला किती मिळाले?

मे महिन्याची सुट्टी लागली की बोरिवली-मुलुंडच्या घराघरात ‘व्यापार’चा डाव मांडला जायचा. जागा घ्या, घर बांधा, भावाकडून भाडं उकळा. अमेरिकेत याचाच थोरला भाऊ ‘मोनोपॉली’. १९९० मध्ये एबीसी चॅनलवर त्याचा गेम शोही आला होता.

या खेळाचं मूळ मात्र लिझी मॅगी यांच्या डोक्यातलं. जन्म १८६६ चा, इलिनॉयमधला. वडील पेपरवाले, त्या स्वतः स्टेनोग्राफर. जमिनीचे भाव वाढले की फायदा एकट्या मालकानेच का खायचा, हा हेन्री जॉर्ज यांचा सवाल त्यांना पटला होता. तो लोकांना खेळता खेळता कळावा म्हणून त्यांनी ‘लँडलॉर्ड्स गेम’ बनवला. १९०४ मध्ये पेटंटही मिळवलं. लोकांनी धडा बाजूला ठेवला, भाडं तेवढं उचललं!

पुढे चार्ल्स डॅरो नावाच्या माणसाने हा खेळ आपलाच म्हणून पार्कर ब्रदर्सला विकला आणि तो लखपती झाला. १९३५ मध्ये कंपनीने मॅगीबाईंचं पेटंट घेतलं, ५०० डॉलरला. रॉयल्टी शून्य.

१९४८ मध्ये त्या गेल्या. राल्फ अन्स्पाक या प्राध्यापकाने १९७० च्या दशकात कंपनीशी कोर्टात भांडताना जुनी कागदपत्रं उकरली, तेव्हा कुठे त्यांचं नाव बाहेर आलं.